सीझेडटीएसची फिल्म तापवताना: माझा अनुभव

सीझेडटीएस म्हणजे तांबं, जस्त, कथील आणि गंधक यांचं संयुग, सौर सेलमध्ये प्रकाश शोषणारा पदार्थ. बँडगॅप (इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा) साधारण 1.5 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे सौर सेलला हवा तसा. त्याच्या नॅनोकणांची शाई करायची, मॉलिब्डेनम धातू चढवलेल्या काचेवर थर द्यायचा आणि तो भट्टीत तापवायचा, हे माझं पीएचडीचं काम. शाई लवकर जमली. बाकीची वर्षं भट्टीने खाल्ली.

तापवणं टाळता येत नाही. कण इतके बारीक की फिल्मभर नुसत्या सीमाच सीमा, आणि प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन तिथेच वाया जातात. त्यात प्रत्येक कणावर ओलेइलअमाइन या लांब कार्बन-साखळीच्या रेणूचं वेष्टण. शाईत कणांचा गठ्ठा होऊ नये म्हणून ते लागतंच, पण फिल्ममध्ये तेच विजेची वाट अडवतं.

तुलनेसाठी एक नमुना नुसत्या आर्गॉनमध्ये, 500 अंश सेल्सिअसच्या आसपास उघडाच तापवला. एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याची पद्धत) आलेख बघून कोणीही खूश व्हावं: 28.5 अंशांच्या कोनावर मुख्य शिखर, पूर्वीपेक्षा टोकदार, म्हणजे स्फटिक मोठे झालेले. पण झिंक सल्फाइडचं शिखरही जवळपास तिथेच येतं, त्यामुळे एकट्या एक्सआरडीवर माझा भरवसा नाही. रामनमध्ये (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याची चाचणी) सीझेडटीएसच्या 338 सेमी⁻¹ च्या शिखराशेजारी 475 ला नवा उंचवटा दिसला, तो कॉपर सल्फाइडचा. कथील सल्फाइडच्या रूपात वाफ होऊन उडालं होतं, गंधकही गेलं होतं.

मग ग्राफाइटचा झाकणाचा डबा आणि आत सेलेनियमच्या गोळ्या. वाफ आत कोंडली की पदार्थाचं विघटन आवरतं, गंधकाची जागा सेलेनियम घेतं आणि बँडगॅप 1 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दिशेने उतरतो. पडद्यावर दिसणाऱ्या तापमानापेक्षा डब्याचं झाकण किती घट्ट बसलंय यावर जास्त अवलंबून असतं, हे माझं ठाम मत. तेच तापमान, तोच वेळ, पण झाकण जरा सैल असलं की फिल्म वेगळी.

एसईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, छेद पाहिला तर वरच्या बाजूला मायक्रॉनभर आकाराचे सुरेख दाणे, आणि खाली काळपट, भुसभुशीत थर. वेष्टणातला कार्बन तिथे साठून राहिलेला. प्रत्येक थर दिल्यावर हॉटप्लेटवर 300 अंशांना भाजून घेतल्यावर तो कमी झाला. मात्र घाई केली की अमाइन भसकन निघून जातं आणि फिल्मला भेगा पडतात. साध्या सोडा-लाइम काचेतलं सोडियम वर झिरपून दाणे वाढायला मदत करतं. क्वार्ट्झवर हीच फिल्म बारीक दाण्यांचीच राहिली.

वेळ वाढवून दाणे आणखी मोठे करावेत, तर खाली मॉलिब्डेनम सेलेनियम पिऊन जाड होतं आणि सेलचा रोध वाढतो. तापमान वाढवावं, तर 550 च्या पुढे काच वाकायला लागते.

कार्बनचा थर अजून पूर्ण गेलेला नाही. म्हणून आता ओलेइलअमाइन काढून त्या जागी सल्फाइड आयन बसवतोय, फॉर्मअमाइड या द्रावकात. ही शाई काचेवर धड पसरत नाही, ती वेगळीच कटकट.