मस्करीचं फॅक्टचेक

एप्रिल २०२२ मधली सकाळ, चहा अजून उकळत होता आणि फॅमिली ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड येऊन पडला की इलॉन मस्क आता कोकाकोला विकत घेतोय आणि त्यात परत कोकेन घालणारे. खाली लगेच आत्या, "अगंबाई, पोरांना देऊ नका हं आता."

मस्कचं ते ट्वीट खरं होतं. आणि ती मस्करी आहे हेही उघड होतं, दोनच दिवस आधी त्याने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घ्यायचा करार केला होता, त्याच झोकात दिलं ठोकून. कोकाकोलाची किंमत तेव्हा अडीचशे अब्जांच्या वर, म्हणजे उधारीवर मिळण्यातली नव्हेच. एवढं टाइप करून गप्प बसायचं ना, पण मला तो "परत" अडला. परत म्हणजे आधी होतं?

तर होतं की. अटलांटाचा जॉन पेंबरटन नावाचा औषधवाला, अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमी झालेला, दुखण्यापायी मॉर्फिनच्या नादी लागलेला, त्याने १८८६ मध्ये हे सरबत बनवलं आणि ते पाच सेंटला ग्लास असं सोडा फाउंटनवर विकलं जायचं. कोकाची पानं आणि कोला नावाचं फळ, नाव त्यावरूनच. कोकेन तेव्हा औषधाच्या दुकानात सरळ मिळायचं, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. १९०३ च्या सुमारास ते काढायला लागले, बारीकसा अंश राहिला होता तोही १९२९ पर्यंत गेला. पानांचा अर्क मात्र त्यानंतरही वापरात राहिला, त्यासाठी न्यू जर्सीत सरकारी परवान्याने पानं आणून आधी त्यातलं कोकेन वेगळं काढतात. मस्करी एका ओळीची आणि तिची शहानिशा करायला मला शंभर वर्षं मागे जावं लागलं, चहा ऊतू गेला तो वेगळाच.

त्याच रात्री आणखी एक झालं. मॅकडोनाल्ड्स विकत घेऊन सगळी आईस्क्रीम मशीन दुरुस्त करणार, असं मस्कच्या नावाचं एक ट्वीट फिरत होतं (तिकडे ती मशीन कायम बंद, हा घरोघरीचा विनोद). ट्वीट बनावट. पण तो स्क्रीनशॉट शेअर केला स्वतः मस्कनेच, वर म्हणतो की अहो, मी काही चमत्कार करू शकत नाही. आता फॅक्टचेक करणाऱ्या बिचाऱ्याने काय शिक्का मारायचा? खोट्या मस्कला खऱ्या मस्कने उत्तर दिलंय!

मी आधी या फॅक्टचेकवाल्यांना हसायचो, म्हणजे लग्नात उखाणा घेणाऱ्या नवरीला पुरावा मागण्यातला प्रकार. आता नाही हसत. डिसेंबर २०१७ मध्ये याच माणसाने लिहिलं होतं, मला ट्विटर आवडतं. कोणीतरी म्हटलं, मग घेऊन टाका. त्यावर हा, "किती आहे किंमत?" त्या दिवशी मी असतो तर "विनोद" असा शिक्का मारून घरी गेलो असतो, आणि पाच वर्षांनी तोंडावर पडलो असतो.

आणि ते ४२० चं प्रकरण. ऑगस्ट २०१८, त्याच्या टेस्ला या मोटार कंपनीचे सगळे शेअर ४२० डॉलरने परत घ्यायचा विचार आहे, पैशाची सोय झालीय, असं ट्वीट. शेअर उसळला. अमेरिकेच्या सेबीने, म्हणजे एसईसीने, चौकशी केली तर हिशोबाने आकडा ४१९ येत होता, पण ४२० म्हणजे तिकडे गांजाची खूण, मैत्रिणीला गंमत वाटेल म्हणून याने एक डॉलर वाढवला. आपल्याकडे चारसोबीस म्हटल्यावर काय ते वेगळं सांगायला नको. त्याला दोन कोटी डॉलर दंड, कंपनीला तेवढाच, आणि अध्यक्षपद सोडावं लागलं. मस्करीची कुस्करी म्हणतात ती अशी. एक डॉलर गंमत, पण "पैशाची सोय झालीय" हे लोकांनी खरंच धरलं होतं, आणि दोन्ही एकाच ट्वीटमध्ये!

ग्रुपवर मी हे सगळं टाकलं, चांगले पाच मेसेज. काकांचा एक अंगठा आला.

पुढच्या रविवारी जेवायला गेलो तर काकांनी थम्स अपची बाटली उघडली, माझ्याकडे तिरकं बघत म्हणाले, "यात नाही ना रे काही? ही आपली देशी आहे." मी म्हटलं, "काका, १९९३ पासून तीही कोकाकोलाकडेच आहे."

"याला मठ्ठा द्या," काकू आतून म्हणाली.