स्थूलतेसाठीच्या दोन गटोपचारांचा माझा अनुभव

इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या डॉक्टरांनी मला वजनाच्या विशेष केंद्राकडे पाठवले, तेव्हा आहाराचा तक्ता मिळेल, फार तर इंजेक्शन मिळेल, अशी माझी अपेक्षा होती. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना तुलनेने कमी वजनावरही मधुमेह गाठतो, म्हणून येथे आमच्यासाठी स्थूलतेची सीमा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ३० ऐवजी २७.५ धरतात, मी ती केव्हाच मागे टाकली होती आणि मधुमेहाच्या गोळ्याही सुरू झाल्या होत्या. केंद्राने मात्र आधी मानसशास्त्रज्ञांच्या गटात नाव घातले. वाढले आहे पोट, मग उपचार डोक्यावर कशाला, असा माझा सरळ कोल्हापुरी प्रश्न होता. परक्या माणसांसमोर खाण्याविषयी बोलायचा संकोच वाटत असल्याने मी स्वतंत्र भेटी मागितल्या. त्यावर तेथील मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००१ सालच्या एका अमेरिकी अभ्यासाचा दाखला दिला: ज्यांना एकट्यानेच उपचार हवे होते, त्यांचेही वजन गटात अधिक उतरले होते.

पहिला गट सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वर्तन यांची सांगड तपासणाऱ्या पद्धतीचा होता. खोलीतल्या खुर्च्या रुंद आणि बिनहातांच्या होत्या. बसताना अंग चोरावे लागले नाही, एवढ्यानेच अर्धा संकोच गेला. रोजच्या नोंदवहीत वेळ, जागा, भूक, मनातला विचार आणि खाल्लेला पदार्थ असे रकाने होते. माझी एक नोंद अशी होती: रात्री साडेदहा, ओट्यापाशी उभा, भूक दहापैकी दोन, शेव थेट डब्यातून, विचार, ‘दुपारी केक खाल्लाच आहे, आजचा दिवस गेलाच.’ गटाने हे वाक्य उलटेपालटे करून तपासले, एका केकने अख्खा दिवस कसा बुडतो याचा पुरावा मागितला, आणि शेवेचा डबा वरच्या फळीवर ठेवून जे खायचे ते ताटलीत घेऊन, बसून खायचे असे ठरले. हा उपाय साधा असूनही मला लागू पडला. गटातल्या एका बसचालकाला मात्र त्याचा फारसा उपयोग झाला नाही, कारण त्यांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलत. विचार खोटा आहे हे त्यांना पटत असे, तरी हात बिस्किटांच्या पुड्याकडे जाईच.

काही महिन्यांनी मिळालेला दुसरा गट ‘अ‍ॅक्ट’ या, म्हणजे नकोसे विचार आणि भावना आहेत तशा स्वीकारून आपल्याला मोलाचे वाटते तसे वागायला शिकवणाऱ्या पद्धतीचा होता, आणि त्यात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी मांडलेल्या करुणाकेंद्री, म्हणजे स्वतःशी मायेने वागायला शिकवणाऱ्या उपचारातलाही काही भाग होता. येथे विचाराशी वाद घालायचा नव्हता. समोर चॉकलेटचा तुकडा ठेवून, न खाता, तलफ शरीरात कुठे जाणवते हे पाहायचे होते. माझ्या बाबतीत ती जबड्यात आणि घशाशी होती, चढत गेली आणि तिची तीच ओसरली. पुढचा प्रश्न असा की ही अस्वस्थता सोसायची कशासाठी. ‘सडपातळ दिसण्यासाठी’ हे उत्तर कोणालाच फार काळ पुरले नाही. मी लिहिले होते की गावी पंगतीत मांडी घालून बसता यावे आणि कोणाचा हात न धरता उठता यावे. करुणेच्या सत्रांकडे मी आधी साशंकतेने पाहत होतो, कारण आमच्या घरात ‘ढोल्या’ ही हाकच प्रेमाची मानली जाई. पण मीही स्वतःला त्याच हाकेने दटावत होतो आणि दटावून झाल्यावर अधिक खात होतो, हे तेथेच ध्यानात आले.

दोन्हींत उजवी कोणती, हे संशोधनावरूनही एका वाक्यात सांगता येत नाही. ऑक्सफर्डच्या २०१० सालच्या अभ्यासात सीबीटीने वजन उतरले, पण तीन वर्षांत बहुतेक स्त्रियांचे ते जवळजवळ सगळे परत आले. अमेरिकेतल्या २०१६ सालच्या चाचणीत ‘अॅक्ट’सारख्या, स्वीकारावर आधारित गटाचे वजन वर्षाअखेरीस सरासरी १३.३ टक्के घटले, नेहमीच्या वर्तनोपचाराच्या गटाचे ९.८ टक्के, पुढे हे अंतर कमी होत गेले. शिवाय त्या लोकांना वर्षभरात २५ सत्रे मिळाली होती. आमच्यासारखे काही आठवड्यांत आटोपणारे गट त्या मापाने तोलणे मला योग्य वाटत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर वजन थोडेच घटले, साखर बरीच आटोक्यात आली आणि रात्रीचे खाणे जवळपास थांबले. सवयींची घडी बसवायला पहिला गट उपयोगी पडला, ती घडी मोडल्यावर पुन्हा उभे राहायला दुसरा.

नाव नोंदवण्यापूर्वी दोन चौकशा अवश्य कराव्यात. गट संपल्यानंतर अधूनमधून भेटी ठेवल्या आहेत का, ही पहिली. दुसरी त्यांच्यासाठी, ज्यांना थोड्या वेळात ताबा सुटून अतोनात खाण्याचे झटके येतात: तो वेगळा विकार आहे, येथे त्यावर आधी मार्गदर्शित स्व-मदत, म्हणजे तज्ज्ञाच्या थोड्या आधाराने स्वतः करायचा उपचार, आणि तिचा उपयोग न झाल्यास साधारण १६ आठवड्यांचा स्वतंत्र गट सुचवला जातो. त्या उपचाराने वजनावर फारसा परिणाम होत नाही, हे डॉक्टरांनी आरंभीच सांगणे अपेक्षित असते. त्यांनी सांगितले नाही, तर आपण विचारावे.