वूव्रेची गुहा आणि आमच्या निफाडच्या शेकोट्या

फ्रान्समधल्या तूर शहराहून बसने वूव्रे या वाईनच्या गावी उतरलो तेव्हा लुआर नदीवर दाट धुकं होतं आणि रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या कड्यात चक्क दारं-खिडक्या दिसत होत्या. हा तुफो म्हणजे मऊ चुनखडीचा दगड, घरांसाठी आणि लुआरकाठच्या राजवाड्यांसाठी तो काढून नेला आणि ज्या पोकळ्या उरल्या त्यात आता वाईन मुरते. आत उन्हाळा असो की हिवाळा, साधारण १२ डिग्री.

मी ज्यांच्याकडे गेलो ते आई आणि मुलगा, द्राक्षबाग आणि वाईन, दोघंच सगळं बघतात. इथे जवळजवळ सगळी बाग चेनिन ब्लांक या पांढऱ्या द्राक्षाची, आपल्या नाशिकला वाईनसाठी लावतात तीच. पण त्या एका जातीतून कोरडी, अर्धगोड, गोड आणि फेसाळणारी अशी सगळी वाईन निघते, आणि गोड किती करायची हे आम्ही नाही, ऑक्टोबर ठरवतो असं मुलगा म्हणाला. सकाळी धुकं आणि दुपारी ऊन असं जमलं की मण्यांवर बोट्रायटिस बुरशी येते, पाणी उडतं, साखर आणि आंबटपणा घट्ट होतो. मग एकाच बागेत दोन-तीनदा फिरून, हाताने, तयार झालेले घड तेवढेच तोडायचे. आमच्याकडे बुरशीचा घड दिसला की व्यापारी भाव पाडतो, आणि इथे आई तो तळहातावर घेऊन मला वास दाखवत होती, मधासारखा!

एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर बागांवर दव गोठलं, कोवळे कोंब जळाले. त्या रात्रीचा फोटो त्यांनी दाखवला, ओळीओळीत मोठ्या मेणबत्त्या पेटलेल्या. मी माझ्या फोनमधला निफाडचा डिसेंबरमधला फोटो काढला, थंडीने मणी तडकू नयेत म्हणून बागेत केलेल्या शेकोट्यांचा. आई बराच वेळ बघत राहिली, मग मुलाला हाक मारून तिने तोही बघायला लावला.

निघताना त्यांनी जुनी गोड बाटली उघडली. जिभेवर गोड, पण लगेच मागून कैरीसारखा आंबटपणा येतो, म्हणूनच ही कित्येक वर्षं टिकते.

संध्याकाळी दादांना फोन केला, सगळं सांगितलं. ते पहिल्यांदा एवढंच म्हणाले, "साखर किती लागली रे त्या घडाला?" ते मी विचारलंच नव्हतं. पण मुलाच्या खिशातून साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर डोकावत होता, आमच्या ओट्यावरच्या खुंटीला लटकतो तसाच.