ओल्या गवताची गंजी

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात आजवर एकही अणुवीज केंद्र नाही. तिथल्या एका ग्रामीण वीज सहकारी संस्थेच्या संचालकांना अणुविजेची तोंडओळख करून द्यायला गेलो होतो. नऊ जण, सभासदांनी मतं देऊन निवडलेले. शेतकरी, निवृत्त शिक्षिका, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे. अशा लोकांना कमी लेखणारे सल्लागार मी पाहिलेत; त्यांची मला चीड येते.

विखंडन म्हणजे अणू फुटणं, त्या उष्णतेची वाफ, वाफेवर फिरणारं टर्बाइन, हे वीस मिनिटांत आटोपलं. मग एका वयस्कर शेतकऱ्यांनी विचारलं, "भट्टी बंद केली की थंड होते ना?"

नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. जॉर्जिया राज्यातल्या व्होगल अणुवीज केंद्राची तिसरी भट्टी घ्या. पूर्ण क्षमतेने उष्णता सुमारे ३४०० मेगावॉट, त्यातून वीज अकराशेच्या आसपास. विखंडन थांबवणाऱ्या नियंत्रक कांड्या आत शिरल्या की विखंडनाची साखळी काही सेकंदांत तुटते. पण विखंडनातून उरलेली द्रव्यं तापतच राहतात. सुरुवातीला मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के, म्हणजे दोनशे मेगावॉटहून जास्त! दिवसभरात ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते, तरी पंधरा-वीस मेगावॉट उरतेच. २०११ मध्ये फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच बंद पडल्या होत्या. घात झाला तो त्सुनामीत डिझेल जनित्रं बुडाल्यावर, पाणी फिरवायला वीज न उरल्याने. म्हणूनच व्होगलच्या नव्या भट्ट्यांवर पाण्याची टाकी थेट माथ्यावर आहे. पंपाविना, नुसत्या उतारानं तीन दिवस पाणी पडत राहतं.

ते शेतकरी म्हणाले, "ओलं गवत गंजीला रचलं की काही आठवड्यांनी आतून पेटतं, तसंच म्हणा की."

कारण वेगळं असलं तरी इतकी नेमकी उपमा मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. मी खुशीत होतो.

तेवढ्यात शिक्षिकाबाई म्हणाल्या, "बांधकाम लांबलं तर तोटा कुणी सोसायचा? आपल्याकडे भागधारक नाहीत."

"ते वित्त विभाग सांगेल," मी म्हणालो. उत्तर मला ठाऊक होतं. अणुविजेत इंधन स्वस्त, बांधकाम महाग. व्होगलच्या दोन भट्ट्या सुमारे १४ अब्ज डॉलरमध्ये व्हायच्या होत्या, खर्च ३० अब्जांपुढे गेला आणि काम सात वर्षं लांबलं. त्यात ३० टक्के वाटा ओगलथॉर्प या सहकारी वीजसंस्थेचा, म्हणजे तिच्या ३८ सभासद संस्थांचा, आणि शेवटी त्यांच्या ग्राहकांच्या बिलांचा. बाईंनी मान डोलावून वही मिटली. ती मिटलेली वही काही डोळ्यांपुढून जात नाही.

अणुविजेबाबतचं संचालकांचं मतदान पुढच्या बैठकीत आहे. त्याआधी अर्धा तास मागून घेतलाय. व्होगलचे आकडे वर्षवार मांडून ठेवलेत आणि बोलायची सुरुवात बिलापासूनच करणार आहे.