नजर आधी कुठं जाते? : आमची वाटचाल

आमच्याकडं नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला लागली की पहिला आठवडा त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवत नाही. कोल्हापूर गावात फिरायला पाठवतो. महाद्वार रोड, पापाची तिकटी, गुजरी, लक्ष्मीपुरी, जमलं तर मार्केट यार्ड. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरची पोस्टरं, काडेपेटीची चित्रं, मिठाईची खोकी, उसाच्या ट्रॉलीमागं रंगवलेली अक्षरं, दिसेल ते बघायचं. संध्याकाळी येऊन एवढंच सांगायचं: नजर आधी कुठं गेली, मग कुठं गेली आणि कुठं अडकली. आमची फर्म लहान आहे. लेबलं, पॅकिंग आणि पाट्या एवढंच आम्ही करतो. पण जे करतो ते या एका प्रश्नावर चालतं, म्हणून वाटचाल लिहायला बसले तर सुरुवात इथूनच करावी लागते.

हा प्रश्न मामंजींचा. माझे सासरे बोर्ड पेंटर होते. पत्र्यावर एनॅमलनं पाट्या, कापडी फलक, निवडणूक आली की भिंती, गणपतीत मंडळांच्या कमानी. निळीत बुडवलेला दोरा दोन्हीकडून ताणून टिचकी मारायची, पत्र्यावर सरळ रेघ उमटायची, तीच शिरोरेघ. त्या रेघेला अक्षरं टांगल्यासारखी यायची. पण दोन अक्षरांत किती अंतर ठेवायचं यासाठी त्यांनी कधी पट्टी लावली नाही. सुरुवातीला मला ते नवल वाटायचं. मग एका पाटीवर त्यांनी मुद्दाम मोजून अक्षरं आखून दाखवली. न आणि म असे उभ्या दांड्याचे शेजारी आले की दाटी दिसत होती, आणि ट, ठ, ढ अशी गोल अक्षरं सुटी सुटी पळत होती. पट्टीवर अंतर सारखंच होतं. डोळा अंतर मोजत नाही, मधली मोकळी जागा मोजतो. गोल अक्षराच्या दोन्ही अंगांना खाली जागा सुटते, ती धरली तर त्याला शेजाऱ्याच्या जवळ सरकवावं लागतं.

त्यांच्या हातचा 'ख' तर मी अजून नवीन मुलांना दाखवते. जुन्या वळणात ख चे दोन तुकडे सुटे असायचे, आणि कोल्हापुरात खानावळी किती हे सांगायला नको. ढिसाळ हातानं लिहिलेली 'खानावळ' लांबून 'रवानावळ' वाचली जायची. मामंजी पहिल्या तुकड्याची शेपटी ओढून दुसऱ्याच्या पोटाला चिकटवायचे, हल्लीच्या वळणात असतो तसा. ग चा काना गच्च जवळ, पुढचं अक्षर मात्र जरा लांब. जवळ असेल ते डोळा एकत्र धरतो, लांब असेल ते वेगळं काढतो. मॅक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञानं १९२३ साली आकृत्या देऊन हे मांडलं आणि कॉलेजात आम्ही त्याच्यावर परीक्षा दिली. मामंजी ते रोज उन्हात शिडीवर उभं राहून करत होते.

त्यांच्याकडं नजर होती, माझ्याकडं त्या नजरेला लागणारे शब्द होते. समतोल, लय, प्रमाण, विरोध, उठाव, एकता. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला संकल्पचित्र केलेल्या कुणालाही ही यादी पाठ असते. यादी पाठ असणं आणि रस्त्यावर चालताना ती दिसणं यात फार अंतर आहे, आणि ते अंतर मला मामंजींनी तोडून दिलं. कटिंगच्या दुकानात बसले तरी समोरच्या कॅलेंडरकडं बोट दाखवून विचारायचे, "पोरी, देवीच्या डोळ्यांनंतर तुझी नजर कुठं गेली सांग." बहुतेक वेळा ती दुकानदाराच्या फोन नंबरवर गेलेली असायची. का, तर नंबराच्या भोवती पांढरी जागा सोडलेली असायची.

मग फ्लेक्स आला. दोन दिवसांची पाटी तासाभरात छापून मिळू लागली. गावातल्या कितीतरी पेंटरांनी ब्रश खाली ठेवले. आमच्याही घरात मशीन घ्यायचं का यावर बरेच दिवस बोलणं चाललं. ह्यांचं म्हणणं, घ्यावं, सगळे घेतायत. कर्जाचा आकडा मोठा होता, आणि मशीन घेतलं की दिवसरात्र फुटांच्या हिशेबात छापत राहावं लागणार हे दिसत होतं. मला वाटत होतं की आपल्याकडं विकण्यासारखी गोष्ट छपाई नव्हतीच कधी, नजर होती. शेवटी जुना कॉम्प्युटर घेतला, छपाई बाहेरून करून घ्यायची ठरवली आणि लेबलांच्या कामाला हात घातला. त्या निर्णयावर घर चाललं, पुढं आणखी काही घरं चालली.

या गावात हे काम करणं सोपं आहे, कारण बघण्याची परंपरा इथं पायाखाली आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ नाटकांचे पडदे रंगवायचे. आनंदराव १९१६ मध्ये गेल्यावर बाबूरावांनी आपले सहकारी दामले यांना घेऊन स्वदेशी कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. आपल्या चित्रपटांची पोस्टरंही ते स्वतः करायचे. 'कल्याण खजिना'चं १९२४ सालचं पोस्टर आज टिकून असलेल्या सर्वात जुन्या भारतीय पोस्टरांपैकी एक आहे. म्हणजे जाहिरातीचं चित्र ही गोष्ट या गावात शंभर वर्षांपासून चित्रकाराच्या हातची आहे, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ साली इथं प्रभात फिल्म कंपनी काढली. तिच्या बोधचिन्हातली तुतारी फुंकणारी ती स्त्री आठवा. अंगाचा बाक आणि तुतारीचा बाक एकमेकांना असे भिडतात की नजर वर चढतेच, आवाज नसतानाही तो आवाज कुठल्या दिशेला निघालाय ते कळतं. एका रेघेत एवढं सांगता येतं हे समजायला परदेशी पुस्तक लागत नाही. टाउन हॉल म्युझियममध्ये आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत, तिथंही मुलांना नेते. तिथं मी काहीच बोलत नाही, फक्त बसवते.

आता एका कामाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आम्ही काय करतो ते त्यातून नीट कळेल.

कागल तालुक्यातल्या एक ताई कांदा-लसूण चटणीचं पाऊच घेऊन आल्या. लाल पाऊच, त्यावर पिवळी अक्षरं, कडेला मिरच्या, खाली ज्वाळा. "बदलून द्या, पण तिखट दिसायला पाहिजे," एवढंच त्यांचं मागणं. आम्ही आधी त्या दुकानात गेलो जिथं त्यांचा माल असतो. फळीचा फोटो काढला, तो मोबाईलवरच काळा-पांढरा केला आणि डोळे बारीक करून बघितला. चित्रकलेच्या वर्गात हेच शिकवतात: डोळे बारीक केले की तपशील जातो आणि गडद-फिकं तेवढं उरतं. फळीवर सगळीच पाऊचं लाल होती, फोटोत सगळी मिळून एकच करडी भिंत दिसत होती. लाल रंग लक्ष वेधून घेतो हे खरं, पण शेजारी लाल नसेल तेव्हा.

आम्ही जमीन, म्हणजे मागचा रंग, साईसारखी घेतली, मधोमध काळा दगडी खलबत्ता आणि त्याच्या तोंडाशी चटणीचा एकच लाल ढीग. नाव काळ्यात, जाड, शिरोरेघेसकट. बाकी जागा मोकळी. पहिलं प्रूफ बघून ताई म्हणाल्या, "लाल रंग बदललाय की हो. जुन्या पाऊचवरचा जास्त फुलत होता का हो?" त्यांनी जुनं पाऊच शेजारी ठेवलं आणि खरंच दोन्ही लाल वेगळे दिसत होते, त्यांना वाटलं त्याच्या उलटे. नव्यावरचा लाल जास्त पेटलेला होता, जुन्यावरचा पिवळ्याशेजारी किरमिजी आणि मंद वाटत होता. मी पांढऱ्या कार्डाला दोन भोकं पाडली आणि ते दोन्हींवर ठेवलं. भोकांतून बघितलं तर लाल एकच.

या गोष्टीचा उलगडा पॅरिसला झाला होता. गोबेलां इथल्या राजाच्या गालिचे-पडदे विणण्याच्या कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. विणकरांची तक्रार होती की काळा धागा नीट काळा रंगत नाही. शेव्रलनं तपासलं तर रंगात खोट नव्हती, काळ्याच्या शेजारी निळा-जांभळा धागा आला की काळा फिका वाटत होता. १८३९ साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ छापला. रंग कधी एकटा दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो. ताईंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे साडीवर ब्लाऊज बघतो तसंच की." अगदी तसंच. ते कार्ड अजून टेबलाच्या खणात आहे, आणि कुठल्याही गिऱ्हाइकाशी रंगावरून बोलताना आधी तेच बाहेर निघतं.

गुळाच्या खोक्याचं काम उलट्या बाजूनं अवघड होतं. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांना खोक्यावर सगळं हवं होतं: उसाचं रान, गुऱ्हाळातली काहील, अंबाबाई, शाहू महाराज, 'शुद्ध', 'अस्सल', दोन फोन नंबर. त्यात वजन, किंमत, परवान्याचा नंबर, शाकाहाराचं हिरवं चिन्ह हे कायद्यानं लागतंच. भावना खरी असते, आपलं जे जे चांगलं ते गिऱ्हाइकाला दिसावं. पण सगळ्यांना सारखा आकार दिला की नजरेला कुणाचंच बोट धरता येत नाही. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर वीस-पंचवीस चेहरे एका मापाचे असतात, तिथं काय होतं ते आपण रोज बघतो. व्यापाऱ्यांना मी गुजरीत घेऊन गेले आणि कोल्हापुरी साज बघायला लावला. साजात एकवीस पानं असतात. दशावतार, अष्टमंगल, माणिक, पाचू, डोरलं. एवढी गर्दी असूनही तो गर्दीचा वाटत नाही, कारण पानं जवळपास एका मापाची, मधे जवमणी ठरावीक अंतरानं, आणि मान मात्र मधल्या एकालाच. लय आणि उठाव दोन्ही एकाच दागिन्यात. खोक्यावर मग गुळाचा रवा, म्हणजे ढेप, एकटाच मोठा आला, बाकी सगळं बाजूच्या पट्ट्यांवर बारीक आणि एका ओळीत गेलं. देवी आणि महाराज खोक्यावर घेतले नाहीत, खोकी शेवटी पायदळी येतात हे त्यांनाच पटलं.

मोठ्यांच्या जाहिराती आम्ही भरपूर बघतो, पण बघण्याचं कारण वेगळं. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ पासून आहे, सिल्व्हेस्टर दाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी ती घडवली. विषय सतत बदलतो, मुलगी, अक्षरांची ठेवण आणि चार शब्दांची शिस्त बदलत नाही. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ शेखर कामत यांचं, १९७१ सालचं. एक गोल, मधे बारीक पांढरा ठिपका आणि तिथून खाली कापलेली एक फट, बस. रात्री भरधाव एसटीच्या खिडकीतूनही ते ओळखू येतं. नवीन चिन्ह केलं की आम्ही ते नखाएवढं छापून हातभर लांब धरतो. ओळखलं नाही तर पुन्हा आखायला घेतो.

आणि अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारी संपता-संपता, हवा स्वच्छ असेल तर मावळतीचं ऊन महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतं. पहिल्या दिवशी पायांपर्यंत, मग वर, आणि शेवटी मुखापर्यंत. ज्यानं कुणी देवळाची ही रचना केली त्याला भक्ताची नजर कुठून कुठं न्यायची हे नेमकं ठाऊक होतं. आतला अंधार त्यानं राखून ठेवला म्हणून ते ऊन दिसतं. आमच्या ऑफिसातली मंडळी त्या दिवसांत संध्याकाळचं काम लवकर आटोपतात.

मामंजी आता नाहीत. त्यांचे ब्रश दोन मुली वापरतात, कारण हाताच्या अक्षरांची मागणी पुन्हा वाढली आहे. हॉटेलवाले, चपलांची दुकानं, घरगुती मसालेवाले 'फॉन्ट नको, रंगवूनच द्या' म्हणून येतात. सध्या सुभाषनगरातल्या चप्पल कारागिरांच्या खोक्याचं काम चालू आहे. चपलेची वेणी, कान, अंगठा, गोंडा यांतलं झाकणावर मोठं काय घ्यायचं यावर गेल्या आठवड्यापासून वाद आहे. कारागीर म्हणतात वेणी, कारण कष्ट तिथं आहेत. मुली म्हणतात गोंडा. दोन्ही झाकणं छापून आणली आहेत, उद्या ती शिवाजी चौकातल्या एका दुकानाच्या फळीवर ठेवून रस्त्याच्या पलीकडून बघणार आहोत. ज्यांना काम द्यायचं आहे त्यांनी येताना आपला माल आणावाच, पण तो जिथं विकला जातो त्या फळीचा फोटोही आणावा, शेजारच्या मालासकट.