आठ मीटर चिखल आणि आलेखावरची एक चौकट

खाजणात काम करायचं तर ओहोटीच्या वेळा सांभाळाव्या लागतात. पाणी उतरलं की हाताने फिरवायचा ऑगर चिखलात दाबायचा, एकेक मीटरचा दांडा जोडत जायचं आणि खोबणीत बसलेला गाळ जसाच्या तसा वर आणायचा. जवळपास आठ मीटरवर टोक खडखडलं आणि दांडा पुढे सरकेना. गोटे लागले होते. मला तिथपर्यंतच जायचं होतं, कारण या चिखलावरून हजारो वर्षांपूर्वीची समुद्रपातळी शोधायची होती.

हे गोटे नदीचे. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, इतकं पाणी बर्फ होऊन जमिनीवर साठलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० ते १३० मीटर खाली होती. किनारा दूर सरकला आणि नद्यांनी आपली पात्रं खोल कोरली. पुढे बर्फ वितळला, समुद्र त्या दऱ्यांमध्ये शिरला आणि नदी-समुद्राने मिळून त्या गाळाने बुजवल्या. गोटे लागले, म्हणजे दरीचा तळ आला.

कोअर, म्हणजे ऑगरने वर आणलेले गाळाचे तुकडे, ओळीने मांडून मी तळापासून वाचत गेलो. गोट्यांवर तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची घट्ट माती. ती हवेत उघडी पडलेली होती, गंजाचे डाग तेच सांगतात. तिच्यावर एकदम काळा, धाग्याधाग्यांचा थर. तिवरांची मुळं, पानांचे तुकडे, हायड्रोजन सल्फाइडचा दर्प. त्याच्यावर निळसर राखाडी चिखल, त्यात शिंपले. आणि अगदी वर पुन्हा तिवरांचा काळा गाळ. समुद्र आला, तिवरं बुडाली. मग पाणी चढण्याचा वेग मंदावला आणि गाळाने त्याला गाठलं. जगातल्या बहुतेक त्रिभुज प्रदेशांची सुरुवातही याच मंदावण्याच्या काळातली, साधारण साडेआठ ते साडेसहा हजार वर्षांपूर्वीची.

इथवरची गोष्ट नुसत्या डोळ्यांनी दिसते. पण गाळ आठ मीटरवर मिळाला म्हणून समुद्र तिथे होता असं होत नाही. चिखल भरतीरेषेपाशी साचतो, तसा पाण्याखाली खोलवरही साचतो. तो नेमका कुठे साचला हे ठरवणं हाच या कामाचा गाभा आहे, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

यासाठी आधार घेतला फोरॅमिनिफेरांचा. हे एकपेशीय जीव वाळूच्या कणाएवढं कवच बांधतात. भरतीच्या वरच्या पट्ट्यात, जिथे पाणी क्वचितच पोचतं, तिथे गाळाचे कण चिकटवून कवच करणाऱ्या जाती टिकतात. ट्रोकॅमिना इन्फ्लाटा ही त्यातली ओळखीची. खाली, नेहमी पाण्याखाली जाणाऱ्या चिखलात चुनखडी कवचाच्या जाती वाढतात. म्हणून आधी आजच्याच खाजणात ओहोटीरेषेपासून कोरड्या जमिनीपर्यंत एक ओळ आखून पृष्ठभागावरचा पातळ थर गोळा केला. प्रत्येक जागेची उंची सरासरी समुद्रपातळीच्या संदर्भात लेव्हल या सर्वेक्षणाच्या उपकरणाने मोजली. रोझ बेंगॉल रंग घातला की जिवंत जीव गुलाबी होतात, त्यामुळे वाहून आलेली मेलेली कवचं वेगळी कळतात. मग कोअरमधला गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने एकेक कवच उचलायचं. तळच्या काळ्या थरात जवळपास सगळी चिकटवलेली कवचं निघाली, तेव्हा मला खरोखर आनंद झाला. तो थर भरतीच्या वरच्या पट्ट्यातलाच होता.

वय काढताना काय पाठवायचं यालाच फार महत्त्व. रेडिओकार्बनचं, म्हणजे सजीवांत असणाऱ्या किरणोत्सारी कार्बनचं, अर्धायुष्य ५७३० वर्षं, म्हणजे इतक्या काळासाठी पद्धत सोयीची. पण वरून खोल गेलेलं मूळ थराला तरुण दाखवतं, आणि शिंपला समुद्रातला जुना कार्बन घेत असल्याने सरासरी ४०० वर्षांनी म्हातारा दिसतो. मी पानांचे तुकडे निवडले. कॅलिब्रेशननंतर, म्हणजे मोजलेलं रेडिओकार्बन वय खऱ्या वर्षांत बदलल्यावर, वय आलं आठ हजार वर्षांच्या आसपास.

दुसरा प्रश्न दबण्याचा. वरच्या ओझ्याने ओला गाळ चेपतो आणि थर मूळ जागेहून खाली जातो. म्हणूनच घट्ट मातीला टेकलेला अगदी तळचा थर घ्यायचा. त्याच्याखाली चेपण्यासारखं फारसं काही नसतं. गोट्यांपर्यंत जाण्याचा हट्ट त्यासाठीच होता.

या सगळ्यातून काळ आणि समुद्रपातळीच्या आलेखावर उमटते ती एक चौकट. तिची रुंदी वयाची, उंची पातळीची, आणि भरतीचा पल्ला, म्हणजे भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक, जितका मोठा तितकी ती उंच. शिवाय ती फक्त त्या किनाऱ्याची असते. बर्फाचं ओझं उतरल्यावर स्वीडन-फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताचा किनारा आजही वर्षाला जवळपास एक सेंटिमीटर वर येतो आहे. तिथल्या आलेखात आणि कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाच्या प्रवाळांवरून काढलेल्या आलेखात एकच समुद्र शोधणं चूक ठरेल.

मधल्या निळसर चिखलातले शिंपले अशी चौकट देत नाहीत, पण समुद्र त्यांच्या वर होता एवढं ठामपणे सांगतात. तपकिरी माती उलटं सांगते, समुद्र आपल्या खाली होता. तिच्यात मिळालेला कोळशाचा कण सध्या वय काढायला गेला आहे. तो वाहून आलेला, म्हणजे मातीहून जुना असू शकतो, म्हणून त्याच पातळीवरचा दुसरा कणही सोबत पाठवला आहे.