मागाच्या शेडमधली उदबत्ती

वडगावच्या एका मागमालकांचा एप्रिलमध्ये फोन आला. "साहेब, नवा एक्झॉस्ट बसवला, तरी शेडमध्ये उभं राहवत नाही बघा." बेळगावात शेड-घरांची कामं करणाऱ्याला उन्हाळ्यात असे फोन येतातच. पण दुपारी पोचलो, तर कांड्या भरणाऱ्या मावशी ओला पदर मानेवर घेऊन बसल्या होत्या. ते बघून जीव कळवळला.

शेडवर पूर्वी मंगळुरी कौलं होती. गळती आणि माकडं यांना कंटाळून मालकांनी पत्रा घातला. कौलांच्या फटींतून गरम हवा आपसूक निघून जायची, ती वाटच बंद झाली. त्यात प्रत्येक मागाला साधारण एक हॉर्सपॉवरची मोटर. ती ओढते ती वीज शेवटी उष्णता होऊन शेडमध्येच उतरते. बाहेरच्यापेक्षा आत पाच अंशांहून जास्त चढू द्यायचं नसेल, तर दर किलोवॅट उष्णतेमागे तासाला सुमारे ६०० घनमीटर हवा बदलावी लागते. पत्र्याचा ताप वेगळाच.

शिडीवर चढून थर्मामीटर धरला. मागापाशी ३६, आढ्याखाली ४५.

मग उदबत्ती पेटवली. एक्झॉस्ट भिंतीत वर, आणि त्याच्या बरोबर खाली खिडकी सताड उघडी. खिडकीत उदबत्ती धरली, तर धूर हातभरसुद्धा आत येईना. तिथूनच वर वळून पंख्यातून बाहेर. पंखा जोरात फिरत होता, पण खिडकीतून आलेलीच हवा परत फेकत होता. शेडमधली हवा जागची हललीच नव्हती. मालक बराच वेळ त्या धुराकडे बघत राहिले.

ती खिडकी लावली आणि समोरची उघडू म्हटलं, तर मालक म्हणाले, "नको साहेब, झोत लागला की ताणा सुकतो, दोरे तुटतात." अगदी खरं आहे ते. ताणा म्हणजे मागावर ताणलेले उभे दोरे. विणकराचं न ऐकता केलेली सोय टिकत नाही, चार दिवसांत तिथं पोतं लागतं. म्हणून समोरच्या भिंतीत जमिनीलगत जाळ्या बसवायचं ठरवलं. हवा ताण्याखालून सरकेल. त्या दिवसापुरतं मागचं दार अर्धं उघडलं. आता धूर फरशीलगत सगळी शेड ओलांडून पंख्याकडे निघाला. मावशी म्हणाल्या, "हां, आता वारं हाललं जरा."

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच. एप्रिलातही पहाटे पारा विशीच्या आसपास उतरतो. ही गार हवा फुकटची. रात्री माग थांबल्यावर जाळ्या उघड्या राहिल्या, तर दगडी भिंती निवतात आणि दुसऱ्या दिवशी बराच ताप पोटात घेतात. घरात मात्र आपण उलटं करतो: रात्री सगळं बंद, आणि बाहेरची हवा आतल्याहून तापलेली असताना भर दुपारी खिडक्या उघड्या.

वळवाच्या आधी आढ्यावरचा पत्रा वीतभर उचलून वर टोपी घालायची आहे, म्हणजे वीज गेली तरी गरम हवा वरून जाईल. टोपी दोन्हीकडे हातभर पुढे घ्यायला फॅब्रिकेटरला सांगितलंय, कारण आपल्याकडचा पाऊस आडवा झोडपतो.